हातचे राखलेले दिवस

कारखाना लहानच होता. खाली लांबट शेड, शेडला एका रांगेत खिडक्या, आणि कोपऱ्यातून वर जाणारा लोखंडी जिना. जिना संपला की काचेची ऑफिसची खोली. खाली नायलॉनचे केस कापले जात, दोन तारांमध्ये पसरले जात, आणि तारांना पीळ बसला की ते केस चिडलेल्या मांजराच्या शेपटीसारखे फुलून उभे राहत. मग कात्रीच्या यंत्रात त्यांची हजामत व्हायची, टोकाला कडी बसायची, आणि बाटल्या आतून घासणारा ब्रश तयार व्हायचा. दिवसभर तिथे तार गुणगुणायची, कात्री कुजबुजायची, आणि दोघींच्या वर धाकट्या मालकांचा आवाज असायचा, "वहिनी! अहो वहिनी!"

वहिनी तशा एकट्या त्यांच्याच. पण त्यांच्या हाकेने त्या साऱ्या कारखान्याच्या वहिनी होऊन बसल्या. पॅकिंगच्या मावशी त्यांच्याहून वयाने मोठ्या, त्याही वहिनीच म्हणायच्या.

कारखाना उभा केला तो वहिनींच्या नवऱ्याने. तो अंथरुणाला खिळला तेव्हा एकेक गिऱ्हाईक काढता पाय घ्यायला लागलं. अशाच एका सकाळी फोन वाजत राहिला आणि उचलायला कुणी नाही, म्हणून तो वहिनींनी उचलला. पलीकडच्याने विचारलं, "पंधरा तारखेला माल मिळेल का?" पंधरा तारीख जवळ की लांब, हेसुद्धा त्यांना तेव्हा कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हो, होईल." आणि ते गिऱ्हाईक टिकलं. बुडत्याला काडी सापडावी तसा हा शब्द त्यांना सापडला. पुढे नवरा गेला, कारखाना तरला, पाय जमिनीला लागले. पण हातातली काडी काही सुटली नाही. कुणी काही मागितलं की वहिनींचं "हो, होईल" तयार. खालून दिराने सांगितलं, "वहिनी, बारा दिवस लागतील," की त्या फोनवर सांगायच्या, "आठ दिवसांत देते." नाही म्हणायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची.

आणि नवल असं, की माल आठ-नऊ दिवसांत जायचाही. कधी संध्याकाळी दिवे लावून, कधी सुट्टीच्या दिवशी शेड उघडून, पण जायचा. वहिनींचा ऊर भरून यायचा. "माझी माणसं जीव टाकतात," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

मग डेअरीचा फोन आला. डेअरीच्या बाटल्या याच ब्रशांनी धुतल्या जात. कारखान्याचं निम्मं पोट तिच्यावर. तिथले खरेदीसाहेब माणूस वाईट नव्हते, पण बोलायचे असे, की समोरच्याला आपली वेणीफणी झाली आहे ना, हे आधी तपासावंसं वाटे.

"मॅडम, यापुढे आमचे सगळे पुरवठादार ऑनलाइन दिसले पाहिजेत. तुमच्याकडे कच्चा माल किती, तयार किती, कधी देणार, हे मला माझ्या स्क्रीनवर दिसायला हवं. छोट्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर मिळतं, महिन्याच्या भाड्याने. घ्या एखादं."

"हो, होईल," वहिनी म्हणाल्या.

खाली ही बातमी पोचली तेव्हा धाकटे मालक तारेचं रीळ चढवत होते. "म्हणजे आपला हिशोब आपल्या कपाटात नाही राहणार?"

"नाही, भाऊजी. क्लाउडवर."

"क्लाउड म्हणजे ढग ना? वहिनी, माणूस ढगात गेला म्हणतात तेव्हा तो परत येत नाही, एवढं लक्षात ठेवा."

"तुम्ही रोज दुपारी जेवण झाल्यावर ढगात जाताच की," पॅकिंगच्या मावशी खोक्याला पट्टी मारता मारता म्हणाल्या, "आणि चहाच्या वेळेला बरोब्बर परत येता."

सॉफ्टवेअर शिकवायला ज्या बाई आल्या, त्या पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. चष्मा कपाळावर, आणि खडू नसला तरी बोटं अजून चिमटीतच. शेडभर त्यांचं नाव तासाभरात मास्तरीणबाई पडलं. त्यांनी पॅकिंगच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, सगळ्यांना भोवती उभं केलं आणि म्हणाल्या, "घाबरायचं नाही. हे यंत्र फार भोळं आहे. तुम्ही सांगाल ते सगळं खरं मानतं. म्हणून तेवढं खरं सांगायचं. कुणाला शंका?"

कुणाला शंका नव्हती. निदान बोलून दाखवायजोगी नव्हती.

भांडार सांभाळणारे आप्पा आले. मास्तरीणबाईंनी विचारलं, नायलॉनचे केस किती? आप्पांनी फळीकडे पाहिलं, कान खाजवला, आकडा सांगितला. धाकट्या मालकांना विचारलं, डेअरीचा एवढा माल पिळायला-कातरायला किती दिवस? त्यांनी छताकडे पाहिलं आणि दिवस सांगितले. पीळ देणाऱ्या यंत्रावर बसणारीला विचारलं, रोजचे किती ब्रश? तिने मनगटावरची कापडी पट्टी नीट केली आणि खालमानेने सांगितले. पॅकिंगला किती? मावशींनी लगेच सांगितलं, जणू उत्तर पाठच होतं. मास्तरीणबाईंची बोटं टकटक करत गेली.

शेवटी तारीख वहिनींनी पक्की करायची होती. सवयीने त्यांच्या मनात आलं, यातले चार दिवस काढून टाकावेत. पण त्या भोळ्या यंत्राकडे पाहून त्यांना शरम वाटली. गिऱ्हाइकाला गोड बोलून वेळ मारून नेता येते, पण विश्वासाने समोर बसलेल्याला कसं फसवायचं? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आलेल्या आकड्याला कात्री लावली नाही. जे आलं ते तसंच ठेवलं, आणि काहीतरी चांगलं केल्यासारख्या हलक्या होऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी जिना चढत होत्या तोच फोन.

"मॅडम, तुमचं पान बघतोय. पुढच्या महिन्याची चार तारीख?"

"चार?"

"मला माल वीसला हवाय. याच महिन्याच्या."

"अहो, काहीतरी चुकलं असेल, मी..."

"तुमच्याच लोकांनी भरलंय ना? हे बघा, उद्या दुपारपर्यंत तुमची खरी तारीख टाका. वीस जमत नसेल तर मला दुसरं दार ठोठावावं लागेल. दुसरा पुरवठादार तयार बसलाय. आणि कृपा करा, मला 'हो, होईल' म्हणू नका. स्क्रीनवर दाखवा."

जिभेच्या टोकावर आलेला शब्द वहिनींनी गिळला. फोन ठेवला आणि तशाच खाली उतरल्या. त्यांची चप्पल जिन्यावर अशी वाजली, की धाकट्या मालकांनी न सांगता यंत्रं बंद केली. मास्तरीणबाई मावशींना बारकोडचं खूळ समजावत होत्या, त्याही थांबल्या.

"ही चार तारीख आली कुठून?" वहिनी म्हणाल्या. "डेअरी जाते आपली. उद्या दुपारी जाते. दर वेळी आपण याच्या कितीतरी आधी देतो ना?"

मास्तरीणबाईंनी लॅपटॉप फिरवला. "सोपं आहे. भांडारात केस अपुरे, म्हणून नव्याने मागवायचे, त्यात आठवडा. मग पिळायला इतके दिवस. पॅकिंगला इतके. बेरीज चार तारखेला येते. बेरीज चुकलेली नाही."

"केस अपुरे कसे?" धाकटे मालक आप्पांकडे वळले. "जिन्याखाली ठेवलेत ते?"

"कुठले जिन्याखाली?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, मला दिसतात हो. मी रोज वरून चालतो."

"आणि तुमच्या हत्यारांच्या कपाटात तारेची दोन रिळं आहेत, ती कुठे सांगितलीत?" आप्पा तापले. "तुम्हाला वाटतं मला दिसत नाहीत!"

"ती अडीअडचणीला!"

"माझे केसही अडीअडचणीलाच!"

"भांडू नका रे," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच उठल्या. स्टूल ओढून न्हाणीघराच्या माळ्यावर हात घातला आणि घडी केलेली खोकी काढायला लागल्या. एक गठ्ठा, दुसरा गठ्ठा, तिसरा. मग काय, शेडच्या कानाकोपऱ्यातून माल निघायला लागला. जिन्याखालून आप्पांचे केस निघाले, ताडपत्रीत लेकरासारखे गुंडाळलेले. कपाटातून रिळं निघाली. पीळवालीने आपल्या बाकाखालून पिळून तयार ठेवलेल्या ब्रशांची आख्खी पेटी ओढली आणि लाजून मान खाली घातली. जणू घरात लपवलेला खाऊ आईने एकदम बाहेर काढायला लावला होता. मास्तरीणबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

वहिनी त्या ढिगाकडे पाहत राहिल्या.

"आणि दिवस?" त्या हळूच म्हणाल्या. "दिवसही असेच लपवता?"

धाकट्या मालकांनी मान खाजवली. "आप्पा माल कमी सांगतात, मग मी दोन-तीन दिवस जास्त सांगतो. मावशी एक-दोन धरतातच. ही बया..." त्यांनी पीळवालीकडे बोट केलं, "...ही रोजचे ब्रश कमी सांगते."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला खोटं सांगत आलात?" वहिनींचा आवाज फाटला. "मी जगाला सांगत फिरते, माझी माणसं जीव टाकतात. आणि तुम्ही सगळे मिळून मला..."

कुणाला वर बघवेना. यंत्रं बंद असली की त्या शेडमध्ये किती शांतता असते, हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं.

शेवटी मावशी बोलल्या. वयाचा मान असतो, तसं वयाचं ओझंही असतं. जे कुणाला बोलवत नाही ते अशा माणसालाच बोलावं लागतं.

"वहिनी, रागावू नका. आम्ही बारा सांगितले की तुम्ही आठ सांगता."

वहिनी वळून त्यांच्याकडे बघू लागल्या.

"पहिल्या वर्षी आम्ही खरे सांगायचो. आठ लागत असले की आठच. तुम्ही फोनवर पाच सांगायच्या. मग माल जायचा नाही, माणसं तुम्हाला बोलायची, आणि तुम्ही त्या काचेच्या खोलीत पाठमोऱ्या बसायच्या. काच आहे वहिनी, खालून दिसतं सगळं. तुम्हाला नाही म्हणता येत नाही. आम्हालाही तुम्हाला शिकवता येईना, नवऱ्याच्या मागे एकटी लढणारी बाई. मग एकेकाने आपापलं हातचं राखायला सुरुवात केली. कुणी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही वरून कापायच्या, आम्ही खालून वाढवायचो. मधल्या मध्ये खरी तारीख बिचारी कशीबशी जगायची."

"काल तुम्ही कापलं नाहीत," धाकटे मालक म्हणाले. "आम्हाला काय माहीत, तुम्ही एकदम सुधारणार म्हणून?"

कुणीतरी फिसकन हसलं. ती पीळवाली होती. मावशींनी तिच्याकडे डोळे वटारले आणि मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "म्हण गं तुझं ते. वहिनी जेवायला गेल्या की म्हणतेस ते. आता कसली चोरी."

"अय्या, मावशी, नको ना!"

"म्हण," वहिनी म्हणाल्या.

पीळवालीने यंत्राच्या चाकावर हात ठेवला, जणू त्याच्याशिवाय सूरच लागला नसता, आणि अगदी बारीक आवाजात म्हटलं:

तारेला देते पीळ, तार सांभाळी केसाला
बाई देते गं शबूद, आम्ही सांभाळू शबदाला

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यातूनच हसल्या. "सगळ्या जगाला ठाऊक, एक मलाच नाही!"

"तुम्ही वर असायच्या ना," आप्पा म्हणाले. त्यांना यापेक्षा वेगळं काही म्हणायचं नव्हतं.

मास्तरीणबाईंनी नाक शिंकरलं आणि पुन्हा वर्गात आल्या. "हं, आता ऐका. हातचं राखणं हा गुन्हा नाही. यात त्याला रकाना आहे की! राखीव माल, राखीव दिवस. फक्त तो एकदाच लिहायचा, सगळ्यांसमक्ष. चौघांनी चार खिशांत ठेवायचा नाही. किती राखीव दिवस हवेत?"

"तीन," धाकटे मालक म्हणाले.

"एक," वहिनी म्हणाल्या.

"सवय जाईल हळूहळू," मावशी कुजबुजल्या. शेवटी दोनांवर मिटलं.

मग ढीग मोजला गेला. आप्पा एकेक गठ्ठा हातात घेऊन आकडा सांगायचे आणि सांगताना दर वेळी असे थबकायचे, जणू पोटच्या पोरीला सासरी धाडताहेत. पीळवालीने रोजचे खरे ब्रश सांगितले. वहिनी त्यांच्यात उभ्या राहून ऐकत होत्या. आठवडाभराची मालाची वाट वाचली, दिवस आटले, तारीख मागे मागे सरकत आली. पुढच्या महिन्यातून या महिन्यात आली. अठ्ठावीस. सत्तावीस. सगळे श्वास रोखून पडद्याकडे पाहत होते. पंचवीसवर येऊन ती थांबली.

"अजून?" वहिनी म्हणाल्या.

"संपलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ही खरी."

वीस आणि पंचवीस. मध्ये डेअरी.

"दिवे लावून बसू रोज," धाकटे मालक लगेच म्हणाले. "सुट्टीलाही येऊ. काढू वीसला. काय गं?"

पीळवाली म्हणाली, "काढू की." आणि तिने दुसऱ्या हाताने मनगट दाबलं.

ते दाबणं वहिनींनी याआधी शंभरदा पाहिलं असेल, काचेतून, वरून. इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पट्टी मळली होती आणि पट्टीच्या कडेला कातडी लाल झाली होती. तार सांभाळी केसाला. पण तारेला कोण सांभाळतं?

"नको," वहिनी म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघाला, की त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून.

त्या वर गेल्या नाहीत. तिथेच, पॅकिंगच्या टेबलाशी, सगळ्यांच्या देखत त्यांनी फोन लावला. घशाला कोरड पडली. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"साहेब, पान बघा. पंचवीस टाकलीय."

"मी वीस म्हटलं होतं मॅडम."

"हो." वहिनी थांबल्या. "वीसला नाही जमणार."

इकडे आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

"तुम्ही नाही म्हणालात?" खरेदीसाहेब म्हणाले.

"म्हणाले. पहिल्यांदाच म्हणतेय, तर जरा सांभाळून घ्या. पण पंचवीस खरी आहे. ती माझ्या एकटीची नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून काढलीय."

"वीसला किती देऊ शकता?"

'सगळा' हा शब्द ओठांपर्यंत आला. वहिनींनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "निम्म्याहून थोडा जास्त," वहिनी म्हणाल्या. "बाकीचा पंचवीसला."

"बाकीच्यासाठी मी थांबू शकत नाही. तो या वेळी दुसरीकडून घेतो."

वहिनींनी टेबलाची कड धरली. "घ्या. आणि पुढच्या महिन्याचं?"

"पुढच्या महिन्याचं तुमच्या पानावर काय दिसतंय ते बघून ठरवेन." मग जरा थांबून, कोरड्या आवाजात, "आधी ते पान बघेन. मग दुसऱ्यांचं."

फोन बंद झाला. वहिनींनी सगळं सांगितलं, कापलं नाही, वाढवलं नाही. जवळजवळ निम्मं काम गेलं होतं. पुढचं पक्कं नव्हतं. धाकट्या मालकांनी खुर्ची ओढली आणि बसले. थोरल्या भावानंतर पहिल्यांदाच डेअरीचा माल दुसऱ्या कुणाच्या खोक्यात जाणार होता, आणि ते त्यांना लागलं. तोंड फिरवून ते तारेचं टोक उगाच सरळ करत बसले. वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. "भाऊजी, चुकलं का माझं?"

"नाही," ते म्हणाले. "पण मला आजचा दिवस वाईट वाटू द्या."

"वाटू द्या," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मावशी मात्र पडद्यावरचे दिवस बोटाने मोजत होत्या. "मास्तरीणबाई, एवढंच काम असेल तर रोज कितीला सुटायचं आपण?"

"पाचला. आरामात."

"पाचला?" मावशींनी शेडभर नजर फिरवली, जणू कुणीतरी थट्टा करत होतं.

आणि खरंच त्या दिवशी पाचला यंत्रं थांबली. खिडक्यांच्या रांगेतून ऊन अजून आडवं आत येत होतं. तारेच्या चुऱ्यावर, रिकाम्या बाकांवर, सगळ्यांच्या हातांवर पसरलं होतं. माणसं दारात घोटाळत उभी राहिली. रोज अंधारात एकमेकांना 'येते हं' म्हणणारी ती माणसं, उजेडात काय म्हणायचं असतं ते विसरली होती.

"एवढ्या उजेडी घरी जाऊन काय करू?" पीळवाली म्हणाली.

"पोरांवर ओरड," मावशी म्हणाल्या. "रोज झोपलेली सापडतात, तर बिचारी ओरडा खायची राहिलीत."

ती हसत निघाली. तिच्यामागे आप्पा निघाले, मग मास्तरीणबाई चष्मा पुसत, मग धाकटे मालक, अजून जरा रुसलेले. वहिनी नेहमीसारख्या मागे राहून वरची खोली बंद करायला गेल्या. जिन्याचा दिवा लावायला त्यांनी हात पुढे केला. मग पायऱ्या लख्ख दिसताहेत हे पाहून तो मागे घेतला, आणि भराभर उतरून, दारातून बाहेर, त्यांना गाठायला निघाल्या.